लहान मुलांच्या घरातलं सामायिक



"लहान लेकरं आहेत तुझी, तुला कशाला हवं वेगळं सामायिक? लेकरं सांभाळणं हेच तुझं सामायिक." मोठी झाली तेव्हापासून, म्हणजे सात वर्षं, हे वाक्य मी ऐकते आहे. माहेरी ऐकलं, सासरी धुळ्याला ऐकलं, भुसावळच्या स्थानकात शेजारी बसलेल्या बाईंकडून ऐकलं. सगळ्या मायेनं सांगतात. बाळंतपणानंतर आपलं धर्मध्यान सुटलं म्हणून सुनेच्या, लेकीच्या मनाला लागू नये, एवढाच त्यांचा हेतू असतो. तरी मला ते पटत नाही.

सामायिक हे श्रावकाच्या १२ व्रतांपैकी नववं. दोन घडी, म्हणजे ४८ मिनिटं, समतेत राहायचं. राग नाही, द्वेष नाही. आता इथे मराठी बोलणाऱ्या आपल्यासारख्यांची थोडी गंमत होते. मराठीत राग म्हणजे चिडणं. शास्त्रातला राग म्हणजे आसक्ती, ओढ, हे माझं आणि ते माझं नाही असं वाटणं. लहान मुलांच्या आईकडे दोन्ही राग भरपूर असतात, पण सामायिकात अडचण होते ती दुसऱ्याची.

मुलं सांभाळणं हे तर पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याच रागावर चालतं. माझ्या धाकट्याला ताप आला तर रात्रभर माझा डोळा लागत नाही. समोरच्या क्वार्टरमधल्या मुलाला ताप आला तर मी चौकशी करते, काढा पाठवते आणि झोपते. यात वाईट काही नाही, असंच असतं. पण याला समता म्हणता येत नाही. मुलांसाठी राबणं हे राबणं आहे, त्याची किंमत आहेच. त्याला सामायिक म्हटलं की दोन गोष्टी होतात. एक, सामायिक काय ते आपण विसरतो. आणि दुसरी, जी मला जास्त खटकते: आईला ४८ मिनिटं मोकळी करून देण्याची घरातल्या कुणालाच मग गरज वाटत नाही. तिचं तर चालूच आहे की सामायिक, भांडी घासता घासता!

घरकामाशी धर्म जोडायचाच असेल तर त्यासाठी आपल्याकडे दुसरा शब्द आहे, जयणा. दशवैकालिक सूत्राच्या चौथ्या अध्ययनात शिष्य विचारतो, कसं चालू, कसं उभं राहू, कसं बसू, कसं झोपू, कसं जेवू, कसं बोलू, म्हणजे पापकर्म बांधलं जाणार नाही? प्रत्येकाचं उत्तर एकच, जयणेनं. हे साधूंसाठी सांगितलं आहे, पण स्वयंपाकघरात मला त्याचा फार उपयोग होतो. पाणी गाळून घेणं, गाळण्यातले जीव वाळून मरणार नाहीत असं बघणं, डाळ-तांदूळ निवडूनच भिजवणं, शेगडी पेटवण्याआधी बर्नरवर नजर टाकणं, खरकटं साचू न देणं. मूल कडेवर असलं तरी हे करता येतं, मी करते.

उकळलेल्या पाण्याचंच घ्या. पावसाळ्यात ते तीन प्रहर चालतं, हिवाळ्यात चार, उन्हाळ्यात पाच. प्रहर साधारण तीन तासांचा. म्हणजे दीपनगरच्या मे महिन्यात, पारा ४५च्या पुढे असताना, पहाटे उकळून पराती-पातेल्यांत गार केलेलं पाणी संध्याकाळपर्यंत पुरतं. मोठीला कुठलं पातेलं आजचं, कुठलं वापरून संपवायचं, हे आता पाठ आहे. ही जयणा झाली. सामायिक मात्र आसनावर बसूनच होतं.

सामायिक घेताना आपण जे पच्चक्खाण घेतो ते दोन करण तीन योगानं असतं. मनानं, वचनानं, कायेनं सावद्य काम करणार नाही आणि करवून घेणार नाही. लहानपणी मी पाथर्डी बोर्डाच्या धार्मिक परीक्षा दिल्या, तेव्हा हे घडाघडा म्हणून दाखवायचे. आचार्य आनंदऋषीजी म. सा. यांच्या प्रेरणेनं सुरू झालेल्या त्या बोर्डाच्या पुस्तकांवर आपल्या भागातल्या कितीतरी मुली वाढल्या. 'करणार नाही' हे तेव्हाच कळलं होतं. 'करवून घेणार नाही' कळायला दोन मुलं व्हावी लागली.

कारण आईचं अर्धं काम करवून घेण्याचंच असतं. दूध बघा. बाथरूमचा नळ बंद कर. त्याच्या हातातली कात्री काढून घ्या. वही काढ. आधी हात धू. एका संध्याकाळी मी गंमत म्हणून मनातल्या मनात मोजत गेले, तर अर्ध्या तासात तीसच्या पुढे आज्ञा झाल्या आणि पुढचं मोजायचं राहून गेलं. सामायिकात यातलं एकही वाक्य बोलता येत नाही. हातानं खूण करून सांगणंही नाही, डोळे वटारणं तर नाहीच. घरात आई आहे, दिसते आहे, आणि ती काहीच सांगत नाही! मुलांना सुरुवातीला हे इतकं विचित्र वाटायचं की दोघं समोर येऊन माझ्या तोंडाकडे बघत बसायची. मुहपत्ती बांधली की मम्मीचं बटन बंद होतं, असं धाकटा शेजारच्या ताईंना सांगून आला होता.

आणि खरं सांगू, मुलांपेक्षा मलाच ते जड गेलं. मी सांगितलं नाही तर काही होणारच नाही, अशी माझी ठाम समजूत होती. आसनावर बसून मी ऐकायची. कुकरच्या झाकणाचा आवाज, मग काहीतरी सांडल्याचा आवाज, मग यांचं "असू दे, असू दे", मग पोछा शोधण्याची धडपड. पोछा दाराच्या मागे असतो हे मला माहीत, त्यांना नाही. सांगता येत नाही. चार मिनिटांनी त्यांना तो सापडला. त्या दिवसापासून पोछा कुठे असतो ते त्यांना माहीत आहे.

आता वेळेचं. "मुलं शाळेत गेली की बस ना," असं ज्या सांगतात त्यांच्या घरी माणूस नाईट करून येऊन दिवसा झोपत नसावा. दीपनगरमधल्या बहुतेक घरांचं घड्याळ वीज केंद्राच्या शिफ्टवर चालतं. फर्स्ट, सेकंड, नाईट. कोराडी, परळी, चंद्रपूर, एकलहरे, कुठून कुठून बदलून आलेली माणसं इथे राहतात आणि सगळ्यांच्या बायका हेच घड्याळ सांभाळतात. सासू-सासरे बहुतेकींचे गावी. माझा धाकटा बालवाडीतून अकरालाच परत येतो, आणि हे आत झोपलेले असले की त्याला गप्प ठेवणं हेच एक मोठं काम.

पहाटेचा हिशोब मी करून पाहिला. नवकारशीसुद्धा सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनीच येते. म्हणजे सूर्य उगवताना सामायिकाला बसलं तर उठेपर्यंत नवकारशीही होते, दोन्ही एकदमच पारायची. कागदावर किती छान! जूनच्या सुरुवातीला इथे सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो, शाळेला सुट्टी असते, मुलं साडेसहापर्यंत झोपलेली. तेव्हा हे जमतं. जानेवारीत मात्र उजाडायलाच सात वाजून जातात, आणि तेव्हा मी एका हातानं डबा भरत दुसऱ्या हातानं वेणी घालत असते.

उन्हाळ्यातल्या पहाटेचं आणखी एक कारण आहे. सामायिकात पंखा-कूलर नाही. जिथे ५०० मेगावॉटचे संच वीज बनवतात, त्याच्या सावलीत राहून मे महिन्यात पंखा बंद करून बसायचं! यांना याचं फार हसू येतं. पहाटे पाचनंतरची घटकाभरच हवा इथे बसण्यासारखी असते, पुढे भिंतीही तापतात.

हिवाळ्यात मला वेळ मिळाला तो चौविहारामुळे, हे मात्र मी आधी कधी लक्षातच घेतलं नव्हतं. डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्यास्त पावणेसहाच्या आसपास. शाळेची बस साडेचारला. म्हणजे आल्या आल्या हातपाय धुऊन, दूध वगैरे मध्ये न घालता, सरळ जेवणच वाढायचं. मूग-मटकीची उसळ, ज्वारीची भाकरी, कधी शेवभाजी (आमची, बिनकांद्याची), नाहीतर खिचडी-कढी. साडेपाचला जेवणं, सहाला ओटा पुसून स्वयंपाकघर बंद. आसपासच्या घरांत तेव्हा भाजी निवडायलाही बसलेल्या नसतात. बाहेरून बघणाऱ्याला चौविहार म्हणजे केवढं बंधन वाटतं. माझ्या हातात मात्र रोज संध्याकाळचे दोन तास रिकामे पडतात, आणि त्यातलेच ४८ मिनिटं मी उचलली.

मुलांना चौविहाराची सक्ती मी करत नाही, हेही सांगून टाकते. मोठी पर्युषणात आपल्या मनानं करते, एरवी सातला भूक लागली तर दूध पिते. धाकटा तर काहीही मागतो.

मग शेजारच्या ताई. यावलकडच्या लेवा पाटलांच्या, आमच्याहून बऱ्याच मोठ्या, हाक मारली की येणाऱ्या. हे सेकंड शिफ्टला असले की रात्री अकरापर्यंत घरी नसतात. त्या आठवड्यात ताईंनी दोन-तीनदा मुलांना आपल्याकडे नेलं. त्यांच्या घरी भरताचा बेत असला की वांगी भाजल्याचा वास आमच्या दारापर्यंत येतो. आम्ही वांगं खात नाही, बहुबीज म्हणून, कांद्याची पात तर नाहीच. ताईंना ते ठाऊक आहे. त्या मुलांसाठी केळी काढून ठेवतात, घरच्या बागेची. "तुझ्या पोरांना मी काय देऊ आणि काय नको, एकदा लिहूनच दे," म्हणाल्या. मी खरंच लिहून दिलं, त्यांनी फ्रिजवर चिकटवलं. जमीकंद नाही, वांगं नाही, मध नाही. खाली त्यांनी आपल्या अक्षरात लिहिलं आहे, 'केळी चालतात'.

पण रोज रोज दुसऱ्याच्या दारात मुलं नेऊन सोडणं बरं नाही, त्यांचेही व्याप असतात. म्हणून एका चातुर्मासात मी महासतीजींना विचारलं, एकटी असताना काय करू? मुलगी जवळ आली तर ठीक, मुलगा मांडीवर येऊन बसतो, संघट्टा होतो, हातात कच्च्या पाण्याचा पेला असतो. त्या हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. म्हणाल्या, घरात दुसरं मोठं माणूस नसेल तेव्हा सामायिक घेऊच नका. संवर घ्या. पाच मिनिटांचा, दहा मिनिटांचा, जेवढा जमेल तेवढ्या वेळाचा. आणि सामायिक तेव्हाच घ्या जेव्हा मूल पडलं तर उचलणारं कुणी घरात असेल.

इतकं सरळ उत्तर मला पूर्वी कुणी दिलं नव्हतं. त्यांनी 'मुलं हेच सामायिक' म्हटलं नाही आणि 'कसंही करून बसाच' असंही म्हटलं नाही. तेव्हापासून आमच्या घरी शिफ्टच्या तक्त्याशेजारी माझं ठरलेलं असतं. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात संध्याकाळी सामायिक. सेकंडच्या आठवड्यात संवर. नाईटला हे निघण्याआधी संध्याकाळी घरीच असतात, झोप झाली असेल तर सामायिक, नसेल तर नाही. बॉयलरचं काही निघालं आणि फोन आला तर तेही राहतं.

उचलणारं माणूस घरात असण्याचा अर्थ गेल्या डिसेंबरात कळला. मी बसून वीसेक मिनिटं झाली असतील, आतून धप्प आवाज आला आणि मागोमाग धाकट्याचं रडणं. पलंगावरून पडला होता. आईला रडण्याची जात ओळखता येते. हे लागल्याचं रडणं होतं, पण घाबरण्यासारखं नव्हतं. तो "मम्मी, मम्मी" ओरडत होता. हे धावत गेले. मी आसनावरच होते, पण मांडीवरच्या हातांच्या मुठी इतक्या आवळल्या गेल्या होत्या की नंतर तळव्यांवर नखांचे वण दिसत होते. आतून ऐकू येत होतं, "कुठे लागलं दाखव... इथे का... फुंकर घालू?" मग हळद शोधण्याचा आवाज. (हळदीचा डबा त्यांना लगेच सापडला!) रडणं उतरत उतरत हुंदक्यांवर आलं. मग "पप्पा, दुसरी गोष्ट सांगा."

'मम्मी'पासून 'पप्पा'पर्यंत सात-आठ मिनिटं गेली असतील. सामायिकाचे ३२ दोष असतात, १० मनाचे, १० वचनाचे, १२ कायेचे. त्या सात-आठ मिनिटांत मनाचे किती लागले असतील ते केवळी जाणे. वचनाचा मात्र एकही नाही. पारल्यावर मी आत गेले तेव्हा बाप-लेक एका उशीवर झोपले होते. गुडघ्यावर हळदीचा थापा लावला होता, अर्धी हळद चादरीला.

कायेचे दोष आईला फार ओळखीचे वाटतील. भिंतीला टेकणं, बोटं मोडणं, आळस देणं, झोप येणं. दिवसातून पहिल्यांदा निवांत बसलेल्या बाईला झोप येणार नाही तर काय होईल! मी माळ हातात घेते, मणी सुटला की जाग येते. पूर्वी वाळूची घडी ठेवायचे समोर, ४८ मिनिटांची, लाकडी चौकटीतली. एकदा डोळे मिटून नवकार म्हणत होते आणि धाकट्यानं ती आडवी करून ठेवली. मी बसले, बसले, बसलेच. वाळू खाली पडतच नव्हती. मोठीनं येऊन सांगितलं तेव्हा सव्वा तास झाला होता. आता भिंतीवरच्या घड्याळासमोर बसते. वेळेआधी पारणं हा अतिचार आहे, उशिरा पारण्याला कुणाची हरकत नाही, एवढंच त्यातलं समाधान.

सामायिकाचा विषय निघाला की पुणिया श्रावकाची गोष्ट व्याख्यानात येतेच. राजगृहात राहणारा, सुताच्या पुण्यांवर पोट भरणारा गरीब श्रावक. राजा श्रेणिक त्याचं एक सामायिक विकत घ्यायला निघाला, तेव्हा भगवान महावीरांनी सांगितलं की सगळं राज्य दिलंस तरी ती फक्त दलाली होईल. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट. पण तिचा एक तुकडा मुलं झाल्यावर मला वेगळा ऐकू आला. एके दिवशी पुणियाचं सामायिकात मन लागेना. शोध घेतला तर कळलं की बायकोनं वाटेवर पडलेलं, कुणाला न विचारता उचललेलं शेण चुलीसाठी आणलं होतं. त्यावर शिजलेलं अन्न पोटात गेलं म्हणून मन डहुळलं.

व्याख्यानात यातून अचौर्य शिकवतात, ते बरोबरच आहे. मला दिसली ती चूल. ती पेटवणारी बाई. त्याच्या निर्मळ सामायिकाच्या आधी आणि नंतर ती काय काय करत असेल? गोष्टीत आणखीही सांगतात की रोज एका साधर्मिकाला जेवू घालायचं म्हणून नवरा-बायको एक दिवसाआड उपवास करायचे, आज तो, उद्या ती. उपवासाची पाळी दोघांत सारखी वाटलेली होती. सामायिकाच्या वेळी घर कोण बघायचं त्याचीही पाळी असेल, असं मी धरून चालते. त्यांच्या घरी लहान मुलं होती का, हे मात्र मी अजून कुठल्या व्याख्यानात ऐकलेलं नाही.

यांना ही गोष्ट सांगितली तर म्हणाले, "म्हणजे मी पुणियाची बायको का?" म्हटलं, आठवड्यातून चार संध्याकाळी, हो.

गेल्या महिन्यापासून मोठीला माझ्या शेजारी बसायचं असतं. ४८ मिनिटं तिला होत नाहीत. दहा मिनिटांचा संवर घेते, नऊ मिनिटं घड्याळाकडे बघते. माझ्या आसनाच्या कोपऱ्यावर बसायला तिला नको असतं, स्वतःचं हवं. जुन्या पांढऱ्या लोकरी शालीचा चांगला राहिलेला भाग कापून कडेला टीप मारून दिली. धाकट्यानं लगेच आपलंही मागितलं, तेव्हा उरलेला तुकडा त्याला दिला. त्यावर तो बसत नाही, गाडी पार्क करतो.

हा आठवडा सेकंड शिफ्टचा आहे. सोमवारपर्यंत संवरच.